शेंदरी झाकणाचा डबा

विधानसभेच्या एका निवडणुकीचा निकाल मी मतदानाच्या आठ दिवस आधीच जाहीर केला होता. तो साफ चुकला. एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. पण माझ्या त्या निकालापायी अख्ख्या गावाला जेवू घालावं लागलं!

गोष्ट चार निवडणुकांमागची. मी पन्नाशीला टेकले होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. (आता सत्तरी आली. हुशारी गेली, समजणं तेवढं राहिलं.) कनेरगाव नाक्यावर आमची पिठाची गिरणी. सासूबाईंचे गुडघे गेल्यावर ती माझ्या ताब्यात आली आणि तिच्याबरोबर गावभरच्या बातम्याही.

त्या साली दिवाळीनंतर नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, शिरड शहापूरला. आमच्या सासूबाईंकडे पुतळ्यांची एक माळ होती, सोन्याची. एकच. आणि सुना दोन! मी आणि धाकटी जाऊ कुसुम. लग्नात माळ कोण घालणार यावरून आमच्यात महिनाभर इतकं गोड बोलणं चाललं होतं, की घरातल्या माणसांना भीती वाटायला लागली.

शेवटी सासूबाई वैतागल्या. “दिसभर निवडणुकीच्या गप्पा मारून राहिल्या ना दोघी? मंग सांगा, कोण येतंय निवडून. जिचं बराबर निघंल, तिनं माळ घालावी.”

आमच्याकडे तेव्हा कपबशीवाले आणि शिलाई मशीनवाले असे दोन पक्ष जोरात होते. तिसरा एक कढईवाला अपक्ष होता, पण तो त्याच्या बायकोलाही आठवत नसे.

कुसुम लगेच म्हणाली, “आधी अक्कांना सांगू द्या.”

“काहून? तुला अक्कल न्हाई का?” मी.

“हाय. म्हणून तर थांबले.”

मी काय अशी अंदाजपंचे बोलणार होते? टीव्हीवरचे लोक कुठे चार माणसांना विचारतात आणि आकडे सांगतात! माझ्याकडे तर अख्खं गाव रांगेत उभं होतं. दिवाळी तोंडावर आलेली, चकलीच्या भाजणीचे डबे दारापर्यंत लागलेले. मी माळ्यावरून पत्र्याचे दोन मोठे डबे काढले. एक जुना, शेंदरी झाकणाचा. दुसरा परवाच रिकामा झालेला तेलाचा. जुन्यावर कपबशीचं चित्र डकवलं, नव्यावर शिलाई मशीनचं. वर पाटी लावली : ‘ज्याला मत, त्याच्या डब्यात एक मूठ.’ तोंडानं काही विचारायचं नाही. मतदान गुप्त असतं, एवढा कायदा मला ठाऊक होता.

आमचे हे पाटी वाचून म्हणाले, “तू गिरणी चालव. सरकार चालवू नको.”

पहिल्याच दिवशी कपबशीचा डबा अर्धा भरला! बाया यायच्या, पीठ दळून होईस्तोवर पदर सावरत डब्याशी जायच्या, मूठ टाकायच्या आणि चक्क हात जोडायच्या. एकीनं तर वरून हळदीकुंकू वाहिलं. मला गहिवरून आलं. पक्षावर एवढी माया मी कुठे बघितली नव्हती! शिलाई मशीनच्या डब्यात तळाला जेमतेम वाटीभर दाणे. तेही दोनचार नव्या सुनांनी टाकलेले. एक मूठ कुसुमची होती. ती मूठ तिनं मला दाखवून टाकली.

“अजून वेळ हाय, कुसुम. बदल मत.”

“राहू द्या, अक्का. तुमी ज्याच्यावर हात ठेवता ते पडतं. वीस वर्षं बघून राहिले मी.”

चौथ्या दिवशी डबा काठोकाठ भरला. मी तो पोत्यात ओतला, पुन्हा मांडला आणि निकाल जाहीर केला : कपबशी! बातमी गिरणीतून निघाली की तिला पाय लागत नाहीत, चाकं लागतात. संध्याकाळी कपबशीचे उमेदवार खुद्द जीप घेऊन दारात. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत.

“कुठं हाय तो डबा, वहिनी?”

मी दाखवला. भाऊसाहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी गळ्यातला झेंडूचा हार काढला आणि डब्याला घातला!

झालं! दुसऱ्या दिवशी हारातला डबा बघून बायांनी मुठी सोडल्या आणि ओंजळी भरायला सुरुवात केली. एक म्हातारी तर चांगला पायलीभर गहू घेऊन आली. मी म्हटलं, “आजी, एकाला एकच मत असतं.” ती म्हणाली, “असू दे माय, पोराला नोकरी लागली औंदा.” नोकरीचा आणि कपबशीचा संबंध मला कळला नाही, पण हुशार माणसाला सगळं कळायलाच पाहिजे असं थोडंच आहे? भाऊसाहेबांनी गुलालाची पोती मागवली. मी माळेला शोभेल असं मोरपंखी लुगडं काढून ठेवलं.

निकाल लागला. शिलाई मशीन निवडून आली. भाऊसाहेब तिसरे! दुसऱ्या नंबरवर कढई होती.

मी दोन दिवस गिरणी उघडली नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या शांताबाईंनी दार वाजवलं. मला वाटलं, सांत्वनाला आल्या.

“तकलीफ देते बाई, पण भंडारा कधी हाय?”

“कसला भंडारा?”

“असं काय करता? दत्तजयंतीचा! तुमच्या सासूबाई दर साली शेंदरी झाकणाच्या डब्यात मूठ गोळा करायच्या न्हाई का? मधी चारपाच वर्षं बंद पडलं होतं. औंदा तुमी पुन्हा डबा मांडला, तर समद्यांनी हात सैल सोडला.”

“आणि त्याच्यावरचं चित्र? कपबशी?”

“आमाला वाटलं, औंदा चहा पण हाय.”

तो डबा कशाचा होता हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. लग्न होऊन आल्यापासून बघत होते. पण माणूस हुशार झाला की त्याच्या डोक्यात जागा कमी उरते. कुसुम सोडली तर पाटी वाचून मत टाकलं होतं ते फक्त नव्या सुनांनी, कारण त्यांना जुना डबा माहीतच नव्हता!

दाराआडून सासूबाईंचा आवाज आला, “दोन पोती धान जमलं म्हणं? माझ्या राज्यात एक बी भरत नव्हतं. पोरीनं नाव काढलं.”

आता धान्य परत कुणाला देणार? ज्वारी, गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, भाजणी, सगळं एकात एक. दळलं आणि दत्तजयंतीला गावाला धपाटे घातले. थापून थापून माझे आणि कुसुमचे तळवे लाल झाले. तसे धपाटे पुन्हा कधी जमले नाहीत. भाऊसाहेबही आले. पहिल्याच पंगतीला बसले, सहा धपाटे खाल्ले आणि म्हणाले, “वहिनी, पेटीत न्हाई पडली मतं, पोटात तरी पडली.”

शिरड शहापूरच्या लग्नात माळ कुसुमनं घातली. नियमच होता. पण अक्षता पडल्या आणि ती मला कोपऱ्यात घेऊन गेली. स्वतःच्या गळ्यातली माळ काढून माझ्या गळ्यात घातली. “उरलेलं लगीन तुमचं, अक्का.” मी मोरपंखी लुगड्याचा पदर नीट केला, माळ मधोमध आणली आणि फोटोवाल्याला हाक मारली. तो जेवायला बसला होता.

सासूबाई आता नाहीत. माळ आहे. मागच्या निवडणुकीत घरात पुन्हा लग्न निघालं आणि माळेसाठी माझी नात आणि कुसुमची नात यांच्यात तीच पैज ठरली. दोघी वह्यापेन घेऊन माझ्यापुढे बसल्या. “आजी, कोण येईल?”

मला भरून आलं. एवढ्या वर्षांनी का होईना, कुणी माझा अंदाज मागत होतं! मी डोळे मिटून विचार केला आणि एका पक्षाचं नाव घेतलं.

पैज लागलीच नाही. दोघींनीही दुसऱ्या पक्षाचं नाव लिहिलं होतं.