तारीख नसलेला राजीनामा

कोकिळा ट्रेनिंग करून आली आणि महिनाभरातच नांदुऱ्याच्या एका खाजगी शाळेचं पत्र आलं. नेमणूक पक्की होती. फक्त दोन प्रतिष्ठित माणसांच्या सहीचा चारित्र्याचा दाखला आणायचा होता. ते वाचूनच तिचं डोकं तडकलं.

"ते माही चौकशी करून राह्यले, मंग मी त्याहीची काऊन करू नये?" ती वडिलांना म्हणाली.

रामराव हसले. पण १९६६ साली गावातली पहिली मास्तरीण होणारी पोरगी. तिला नाही म्हणवेना. हजर व्हायच्या दोन दिवस आधीच बापलेक मोटारीनं नांदुऱ्याला गेले.

शाळेत न जाता कोकिळेनं आधीच्या बाईंचं घर शोधलं. अन्नपूर्णाबाईंनी तिथं सात वर्षं शिकवलं होतं. मांडीवर तान्हं लेकरू घेऊन त्या दारात बसल्या होत्या.

"बाई, तुम्ही राजीनामा काऊन देल्ला?"

"म्या कुठं देल्ला? रुजू झाली त्याच दिवशी लिहून घेतला होता. तारीख तेवढी कोरी. बाळंतपणाची रजा मांगतली, अन् त्याहीनं तारीख टाकली."

बाई थंडपणे सांगत होत्या. त्या थंडपणानंच कोकिळा जास्त पेटली.

तिथून ती वडिलांना घेऊन तडक शाळेच्या अध्यक्षांच्या घरी गेली. त्यांनी चहा मागवला आणि एक कागद पुढं सरकवला. "इथं सही करा. तारीख टाकू नका. नुसती पद्धत आहे."

"मंग तारीख कोन टाकन? अन् कव्हा? मले दिवस गेल्यावर?"

अध्यक्षांनी रामरावांकडे पाहिलं. "पाटील, पोरीला बोलायचं वळण लावलं नाही वाटतं."

रामराव खाली मान घालून बसले. कोकिळेला अध्यक्षांपेक्षा त्या मानेचा राग आला. नेमणुकीचं पत्र कपाशेजारी ठेवून ती उठली.

बुलढाण्याला शिक्षण खात्याच्या कचेरीत तिनं तक्रार दिली. "बायाच सही करतात, आम्ही काय करणार?" साहेब म्हणाले. दोन वर्षं ती घरच्या वावरात खुरपत राहिली, शेजारणींचे टोमणे ऐकत. मग जिल्हा परिषदेची सुलतानपूरची शाळा मिळाली.

राग मात्र गेला नाही. नांदुऱ्याची जाहिरात पेपरात आली की ती ओळखीच्या प्रत्येक शिकलेल्या पोरीला त्या कोऱ्या तारखेबद्दल पोस्टकार्ड टाकायची. एका साली तिथं एकाही बाईचा अर्ज गेला नाही. अध्यक्षांचा माणूस समजवायला सुलतानपूरला आला. पाढे संपेपर्यंत तिनं त्याला उन्हात उभं ठेवलं, आणि मग दारातूनच म्हणाली, "चालते व्हा."