दहा बाय बाराच्या लिनक्सात वऱ्हाड

मृणालिनी क्षीरसागरला राग येतो असं म्हणणं म्हणजे समुद्राला ओल येते म्हणण्यासारखं आहे. राग तिच्याकडे वस्तीलाच असतो. अधूनमधून तो पाय मोकळे करायला बाहेर पडतो, आणि तेवढ्यात ठाकूरद्वारची माणसं तिच्याशी आपापली कामं बोलून घेतात.

तिचा राग उधळपट्टीवर. खोक्यात खोकं, त्यात पिशवी, पिशवीत पुडी आणि पुडीत चार बिस्किटं दिसली की तिचं डोकं फिरतं. लग्नपत्रिका उघडायला दोन माणसं लागली तर ती लग्नाला जात नाही. याचं मूळ ती लहानाची मोठी झाली त्या चाळीतल्या खोलीत होतं. माणसं नऊ, खोली एक. सकाळी जिथे अंथरुणं गुंडाळली तिथेच दुपारी पानं मांडायची आणि संध्याकाळी दप्तरं उघडायची. अशा घरातली मुलगी फोर्टातल्या विमा कचेरीत हिशेबाचे प्रोग्रॅम लिहायला लागली, तीही कॉम्प्युटरला मेमरी औषधापुरती असण्याच्या काळात. ओळ लिहिण्याआधी ती खरंच लागते का, हे विचारावं लागे. मृणालिनीला वाटलं, हे यंत्र आपल्या चाळीतलंच दिसतंय.

मग यंत्रं श्रीमंत झाली आणि प्रोग्रॅम लिहिणारे माजले. हे तिचं मत. ते ती पानवाल्यालाही ऐकवी.

गिरगावातल्या ज्ञानविलास वाचनालयात एका बँकेने टाकून दिलेले सहा कॉम्प्युटर येऊन पडले होते. पंख्याला खोकला, मेमरी, म्हणजे रॅम, अवघी दोन जीबी. कार्यवाह शरच्चंद्र वागळे त्यांच्यावर दिवाळी अंक रचून ठेवत. मृणालिनीने अंक उचलले, धूळ पुसली आणि सहाही यंत्रांवर एक अगदी छोटं लिनक्स, यंत्र चालवणारी फुकटची प्रणाली, घातलं. छोटं म्हणजे किती? तर दहा बाय बाराची खोली. एक मोरी, एक चूल, एक खुंटी. लागेल ती वस्तू मागून घ्यायची, नको ती घरात आणायचीच नाही. म्हातारी यंत्रं अशी टुणटुणीत झाली की शनिवारी दुपारी तिने आसपासच्या बायकांसाठी वर्ग काढला. त्यात डबे करणाऱ्या लक्ष्मी परब होत्या. साठी उलटलेल्या लक्ष्मीमावशींनी एका बोटाने मराठी टाइप करत गावच्या ग्रामस्थ मंडळाचं अख्खं निवेदन लिहिलं, आणि मंडळाच्या अध्यक्षाच्या चार चुका काढून त्याला परत पाठवलं. त्या दिवशी मृणालिनीला राग आला नाही. वाडीत काळजीचं वातावरण पसरलं.

पण वागळेकाकांना सुख बोचू लागलं. त्यांचा भाचा उन्मेष लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत काम करी. त्याने मामांसाठी वाचनालयाचा कॅटलॉग तयार केला होता: पुस्तकं, सभासद, देवघेव, सगळ्यांचे रकाने. पण केला होता तो कंपन्यांसाठीचं एक अगडबंब फ्रेमवर्क वापरून. फ्रेमवर्क म्हणजे आयतं सामान. तुम्ही फक्त पोहे करायचे, पण त्यासाठी आधी कढया, भट्टी, मांडव आणि सनईवाले घरात घ्यायचे.

"मृणाल, सरळ सांगतो," वागळेकाका म्हणाले. "सर्वसाधारण सभा रविवारी आहे. तोवर उन्मेषचा कॅटलॉग या डब्यांवर चालला तर ठीक. नाहीतर डबे भंगारात. उन्मेष काउंटरवर एक मोठं यंत्र बसवून देतोय. काचेआड."

"आणि वर्ग?"

"काचेआड कसला वर्ग?"

मृणालिनी खुर्ची ओढून बसली. फरशीवर जो आवाज झाला तो पुरेसा होता.

ऑफिस सुटल्यावर रोज संध्याकाळी ती वाचनालयात येऊन बसू लागली. पहिल्याच दिवशी उन्मेषला फोन लावला.

"काकू, सोप्पं आहे, फक्त दोन कमांड आहेत."

"एक तर मी तुझी काकू नाही. आणि दोन कमांड दिल्यावर तुझा प्रोग्रॅम म्हणतो, फाईल सापडत नाही. फाईल माझ्या नाकासमोर आहे! नाव बरोबर, जागा बरोबर. आंधळा आहे का तो?"

"लिनक्स कुठलं टाकलंय तुम्ही?"

"छोटं."

"अरे यार! तिथेच लोचा आहे. नेहमीचं टाका ना. आणि रॅम किमान सोळा लागेल."

"दोन आहे."

"दोन? काकू, दोन तर आमचं नुसतं एडिटर नाश्त्याला खातं."

"मग त्याला उपाशी ठेव!"

फोन तिने आपटला असता, पण हल्लीचे फोन आपटता येत नाहीत. हीसुद्धा तिची एक तक्रार होतीच.

दुसऱ्या संध्याकाळी भानगड उलगडली. फाईल जागेवर होती. ती ज्या मूळ लायब्ररीच्या, म्हणजे प्रोग्रॅमांना लागणाऱ्या सामायिक कोडच्या, आधाराने चालते, ती या छोट्या लिनक्सात नव्हती. तिच्या जागी दुसरी, किडकिडीत होती. म्हणजे पाहुण्याने दारात उभं राहून आत अटॅच्ड बाथरूम आहे का विचारायचं, नाही म्हटल्यावर हे घरच अस्तित्वात नाही म्हणून निघून जायचं, असा प्रकार.

"वाचनालयात बसून लायब्ररी नाही म्हणून ऐकून घ्यायचं!" ती ओरडली. वर्तमानपत्र वाचणाऱ्या नाना खानोलकरांनी नेहमीप्रमाणे "शांतता राखा" या पाटीकडे बोट दाखवलं. तिने पाटीकडे अशा नजरेने पाहिलं की नानांनी बोट खिशात घातलं.

छोट्या लिनक्ससाठी वेगळा बांधलेला कॅटलॉग उन्मेषने कुरकुरत पाठवला. तो सुरू झाला आणि वऱ्हाड उतरलं. मेमरी भरली. जागा पुरेना म्हणून मशीन सामान हार्ड डिस्कवर टाकू लागलं. मेमरी म्हणजे खोली, तर ही डिस्क म्हणजे पोटमाळा. चमचा हवा, चढा शिडी. वाटी हवी, परत चढा. एक सभासद शोधायला सांगून लक्ष्मीमावशी घरी गेल्या, कांदा चिरून आल्या, तरी पडद्यावरचं चक्र गरगरतंच होतं.

"बाय, पयलो चाय पी," मावशींनी पेला पुढे केला. "तुजो राग खंय पळान जाणा नाय."

"मावशी, ह्यात कोणी काय काय भरलंय बघा! हे पहिलं पान. चक्राकार फिरणारं बोधचिन्ह! आणि हा बघा, हा गुपचूप दर थोड्या वेळाने कुठेतरी कळवतोय की मी जिवंत आहे. कोणाला कळवतोय? कोण वाट बघतंय ह्याची?"

"झिलान लगीन केल्यापासून माका तसो फोन नाय," मावशी म्हणाल्या. "ह्यो बरो त्येच्यापेक्षा."

मृणालिनी हसली नाही, पण चहा प्यायली आणि मग कंबर कसली. कुठेतरी कळवणारा बंद. आलेखांचं दालन बंद. सोळा रंगांच्या सजावटी गटारात. शेवटी हाताला एक भलामोठा बोजा लागला: जगातल्या यच्चयावत भाषांचे रीतिरिवाज. कुणाचा आठवडा कधी सुरू होतो, कोण तारीख उलटी लिहितं, कुणाचे आकडे कसे तोडायचे. सोबत सोय होती की हा बोजा नको असेल तर भाषाभेद न पाळता चाला.

"फिनलंडचा सोमवार गिरगावात कशाला?" म्हणत तिने तो खिडकीबाहेर फेकला.

कॅटलॉग सुरू झाला. पळायला लागला! सभासदांची यादी उघडली, मराठी अक्षरं स्वच्छ दिसली. तिने आपलं नाव शोधलं. कोल्हटकर आणि खानोलकर यांच्यामध्ये, चक्क पहिल्या पानावर, क्षीरसागर. हजेरीत कायम शेवटची, लस टोचायला शेवटची, पंधरा ऑगस्टला बर्फी संपल्यावर आठवण होणारी मृणालिनी क्षीरसागर, पहिल्या पानावर! बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तिने यंत्र बंद केलं आणि सरळ घरी गेली.

रविवारी सभा खच्चून भरली, म्हणजे पंखे होते तितकी माणसं आली. उन्मेष गळ्यात कंपनीची पट्टी अडकवून आला होता. मृणालिनीने कळ दाबली आणि यादी प्रोजेक्टरमधून भिंतीवर उमटली. टाळ्या झाल्या. वागळेकाकांना आपला भाचा जिंकल्याचा आनंद आणि आपले डबे चालल्याचं दुःख एकदम झालं.

तेवढ्यात नाना खानोलकर उठले.

"एक मिनिट. क्षीरसागर माझ्या आधी कशी?"

"म्हणजे?"

"क्ष हा क मध्ये कधीपासून गेला? आमच्या बाराखडीत ह, ळ, क्ष, ज्ञ. क्ष ज्ञ शेवटी. शाळा बदलली का?"

मागून कावळे ओरडले, "अहो, हे काळे माझ्या आधी आलेत! ळ तर व च्या केवढा मागे!"

"आलो तर आलो," काळे म्हणाले. "इतकी वर्षं तू पुढे होतास, मी काही बोललो?"

"यंत्र म्हणतं ते खरं का बाराखडी?" नानांनी सभेला विचारलं.

"बाराखडी!" सभा गरजली. गेल्या तीन सभांत इमारत गळते या विषयावर जमलं नव्हतं ते एकमत झालं.

उन्मेष उभा राहिला आणि नानांकडे वळला. "काका, काय फरक पडतो? सर्च बॉक्स आहे ना. नाव टाइप करा, येईल."

हे बोलायला नको होतं. वाचनालयाच्या कपाटांवर अक्षरांच्या चिठ्ठ्या लावण्यात आयुष्य गेलेली माणसं समोर बसली होती. वागळेकाकांचा चेहरा लाल झाला. ते तरुणपणी इथे क्ष-ज्ञचं कपाट सांभाळत.

"उन्मेष," ते म्हणाले, "खाली बस. मृणाल, तुझ्या छोट्या लिनक्सला मराठी येत नसेल तर हे डबे आजच्या आज..."

"थांबा!" मृणालिनी ओरडली. तिला कळलं होतं. यंत्र अक्षरांच्या अंतर्गत क्रमांकाप्रमाणे लावत होतं. क ला ष जोडला, म्हणजे त्याच्या लेखी क च. बाराखडी त्या फेकलेल्या बोजात होती. फिनलंडच्या सोमवाराबरोबर तिने अख्खं मराठी खिडकीबाहेर टाकलं होतं, आणि वर आपलं नाव पहिल्या पानावर बघून गालात हसली होती!

आजवर तिचा राग सगळ्यांवर निघाला होता. आज पहिल्यांदाच तो घरी परतला.

"लिनक्सचा काही दोष नाही," ती म्हणाली. "मूर्खपणा माझा. मी टाकाऊ म्हणून फेकलं त्यात आपली अक्षरं होती. चहा घ्या सगळे. आणि उन्मेष, इकडे ये. फोनवरून इंटरनेट दे."

बोजा परत उतरवला. पण खोली भरली, काहीतरी बाहेर काढायलाच हवं.

"तुझं फिरणारं बोधचिन्ह काढतेय," ती उन्मेषला म्हणाली.

"काकू, ते डिझाइन..."

"ते गरगरायला हवं की क्ष जागेवर यायला हवा? बोल, ह्या लोकांसमोर बोल."

उन्मेषने लोकांकडे पाहिलं. लोक बशीतून चहा पिता पिता त्याच्याकडेच बघत होते. "काढा," तो म्हणाला.

यंत्राने जरा वेळ विचार केला. पंखा खोकला. यादी उमटली: कावळे, मग काळे. नाना खानोलकर ख मध्ये निवांत. शेवटच्या पानावर क्षीरसागर आणि त्याच्याखाली एकुलते एक ज्ञाते गुरुजी.

नाना बसले. वागळेकाकांनी डोळे पुसले आणि घसा साफ केला. "उत्तम. डबे राहतील. आता यांच्यावर दिवसभर सभासदांचं काम चालेल, तेव्हा तो शनिवारचा वर्ग अर्थातच..."

"बंद?" मृणालिनी अशी वळली की पुढच्या रांगेतल्या बश्या खाली ठेवल्या गेल्या. "काका, ह्या कॅटलॉगात आहेत फक्त माणसं. पुस्तकं एकही नाही. चार भिंती भरून पुस्तकं आहेत तुमची. ती मराठीत टाइप करून आत घालणार कोण? तुम्ही? उन्मेष?"

उन्मेषने बुटाची नाडी तपासली.

"आमी घालू," मागून लक्ष्मीमावशी म्हणाल्या. त्यांच्याबरोबर वर्गातल्या सगळ्या बायका उभ्या राहिल्या. "पण शनिवारी. आणि बाय शिकवीत तशेच. काचबीच लावशात तर आमी चललो घराक."

वागळेकाकांनी कपाटांकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं. "असा ठराव मांडतो," ते पुटपुटले.

"आणि माझी उपसूचना," मृणालिनी म्हणाली. "जो ह्या यंत्रांबद्दल ठराव मांडेल, त्याने आधी ती चालवायला शिकायचं."

उपसूचना टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. त्यामुळे पुढच्या शनिवारी वाचनालयाखालून जाणाऱ्यांना पहिल्या मजल्यावरचा आवाज फुकट ऐकू आला:

"काका, तो माउस आहे, घंटी नव्हे! हळू! आणि क्ष काढायला क दाबा, मग पाय मोडा, मग ष. पाय अक्षराचा मोडायचा, काका, टेबलाचा नाही!"