झाकणावरचे तांदूळ

फॉर्मलिनचा वास आला की मला मुरुडच्या मागच्या डोंगरावरचा एक श्रावण आठवतो. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही कॉलेजचे चार विद्यार्थी आणि आमचे सर सड्यावरच्या, म्हणजे माथ्याच्या खडकाळ सपाटीवरच्या, पाणथळीत बेडूक शोधत होतो. सगळीकडे तेरड्याची फुलं, लाल चिखल आणि गवतातून येणारी नरांची टकटक. एका जातीची मादी मात्र महिनाभर हाती लागली नव्हती. निघायच्या दिवशी सकाळी ती सापडली. पायथ्याशी ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो, त्यांच्या पडवीत सरांनी तिची बरणी ठेवली आणि तिला मारून नमुना म्हणून टिकवायला फॉर्मलिनच्या बाटलीचं बूच काढलं. तेवढ्यात घरातल्या काकी चहा घेऊन आल्या. बरणीत वाकून बघतात तर मादीच्या पोटाच्या पातळ कातडीतून अंडी दिसत होती. “अगो बाय, ही तर पोटुशी हाय!” म्हणत त्या आत गेल्या आणि मूठभर तांदूळ, हळदकुंकू घेऊन आल्या. झाकणाला हळदकुंकू लावून त्यांनी त्यावर तांदूळ घातले. “माझ्या उंबऱ्यातून पोटुशी बाई रिकाम्या ओटीनं जात न्हाय,” त्या मला म्हणाल्या. सर त्या तांदळांकडे बघत राहिले. मग बाटलीचं बूच घट्ट बसवून त्यांनी बरणी उचलली आणि चहा तसाच ठेवून ते पुन्हा सड्याची वाट चढू लागले. आता कॉलेजातली नमुन्यांची कपाटं माझ्या ताब्यात आहेत. त्या जातीचे नुसते नरच पाहून विद्यार्थी विचारतात, “बाई, मादी कुठाय?” मी सांगते, “बाळंतपणाला माहेरी गेली.”