कुणाशी वाकडं आहे का?

आमच्या मुळशीच्या दवाखान्यात औषध न्यायला ज्यानं त्यानं आपली बाटली आणायची, असा नियम होता. लोक बाटली आणत, डॉक्टरांशी बोलता बोलता तिथंच विसरून जात, आणि कपाटाखाली बाटल्यांचा ढीग साचे. किस्सेही तसेच साचले. ठेवायला जागा नाही आणि टाकायचं जिवावर येतं! मी तिथं कंपाउंडर होतो, आणि रविवारी उपासनेत पेटी वाजवायचो. त्यामुळे आठवडाभर लोकांची दुखणी ऐकायची आणि रविवारी त्यांची भांडणं, अशी माझी दुहेरी ड्यूटी होती.

ही साठ सालाच्या आगेमागेची गोष्ट. आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे दवाखान्यातली माणसं आणि त्यांची बायकापोरं, एवढीच. महिन्यातून एकदा पुण्याहून पाळकसाहेब एसटीनं येत आणि प्रभुभोजन देत, म्हणजे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा एकच प्याला, हातोहात फिरवलेला. भाकर मोडण्याआधी ते चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत आणि विचारत, "कुणाचं कुणाशी वाकडं आहे का?" असेल त्यानं प्याला तोंडाला न लावता शेजाऱ्याकडे सरकवायचा. म्हणून आदल्या शनिवारी आमच्याकडे क्षमेची धावपळ असे. ज्याच्याशी वाजलंय त्याच्या दारात जायचं, सलाम करायचा, मिटवून यायचं. रीत चांगलीच हो! फक्त तिच्यामुळे जितकी भांडणं मिटली तितकीच नवी लागली.

*

आमचा वॉचमन पौलस एका शनिवारी माळी दाविदच्या दारात गेला. दाविद जेवत होता.

"सलाम. दाविद, म्या तुला मनापासनं क्षमा केली."

"कशाबद्दल?"

"माझी कोंबडी खाल्लीस त्याबद्दल."

दाविदचा घास हातातच राहिला. "तुजी कोंबडी? आरं, ती मुंगसानं न्हेली! म्या सोता बगितलं!"

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तू इचारलंस कवा?"

पौलसनं जरा विचार केला. आलाच आहे तर रिकाम्या हातानं कशाला जायचं! "बरं, मग बगून गप ऱ्हायलास, त्याची क्षमा केली."

"मला चोर म्हणतुयास आन् वर क्षमा करतुयास?" असं म्हणून दाविद ताटावरून उठला, तो थेट पौलसच्या अंगावरच.

दुसऱ्या दिवशी दोघं सवयीनं शेजारी शेजारी बसले. पौलसनं प्याला दाविदकडे सरकवला. दाविदनं तो परत पौलसकडे सरकवला. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे! शेवटी पाळकसाहेबांना खाली येऊन प्याला सोडवावा लागला. उपासना संपल्यावर ते मला हळूच म्हणाले, "क्षमा करायची, पण कारण सांगायचं नाही, असं ठरवलं तर?"

मी म्हटलं, "मग मुंगसाचं कसं कळणार?"

त्यावर ते एसटीची वेळ विचारायला लागले.

*

एकदा खुद्द डॉक्टर माझ्या दारात आले. पायातले बूट बाहेर काढून! मी घाबरलोच.

"परवा पेशंटांच्या देखत मी तुला गाढव म्हणालो," ते म्हणाले. "मला क्षमा कर."

आता खरं सांगायचं तर मला ते आठवतही नव्हतं. डॉक्टर सगळ्यांनाच गाढव म्हणत. मी लगेच म्हटलं, "केली, साहेब, केली!" त्यांनी चहा घेतला, मोकळे होऊन गेले. आणि ते गेल्यावर माझ्या मनात आलं, च्यायला, पेशंटांच्या देखत? कोण कोण होतं तेव्हा? तेव्हापासून जो कुणी बाटली पुढे करी त्याच्याकडे मी निरखून बघायला लागलो, की हा होता का! माफी मागेपर्यंत माझा अपमान झालाय हे मला माहीतच नव्हतं. मग मी क्षमा केली ती कशाची, आणि पुढच्या रविवारी प्याला घ्यायचा की सरकवायचा?

 

*

या सगळ्या गोंधळात एकच माणूस गप्प असे. आमच्या नर्स राहेलबाई. प्याला आला की त्या काही न बोलता सरकवत. प्रभूची प्रार्थना खणखणीत आवाजात म्हणत, पण इतरांना क्षमा करण्याची ओळ आली की आवाज बंद. पेटीवर बसलेल्या मला ते नेमकं ऐकू येई.

त्यांचं वाकडं होतं होडीवाल्या धोंडीबाशी. धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाड्यांवर कुणी अडलं, आजारी पडलं, की तिकडचे लोक काठावरच्या झाडाला फडकं बांधत. ते दिसलं की धोंडीबानं होडी सोडायची आणि राहेलबाईंनी औषधांची पेटी घेऊन बसायचं. एका संध्याकाळी फडकं लागलं, बाई काठावर गेल्या, आणि धोंडीबा म्हणाला, "वारं हाय. होडी न्हाई सोडत." बाई भांडल्या. तो हलला नाही. सकाळी पलीकडे गेल्या तेव्हा कळलं, फडकं त्यांच्या नवऱ्यासाठी होतं. शमुवेलमास्तर तिकडे शिकवायला गेले होते आणि तापानं अंथरूण धरलं होतं. बाई पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं.

त्यानंतरही बाई त्याच होडीतून जात, दुसरी होती कुठं? पण धोंडीबा मागं वल्ह्यापाशी, आणि बाई पुढं, त्याच्याकडे पाठ करून. इतक्या वर्षांत एक शब्द नाही. पाळकसाहेब म्हणत, "बाई, आपण पुढं होऊन क्षमा करावी." बाई म्हणत, "त्यानं मागितलीय कुठं?" पौलस म्हणे, "क्षमा करून तरी काय हुतंय? आमी बगा की!" मला तर दोन्ही बाजू पटत. बाईंचा तो सरकवलेला प्याला बघून जीव मात्र तुटे.

*

मग एका दुपारी पुन्हा फडकं लागलं. या वेळी झाड पलीकडच्या वाडीतल्या धोंडीबाच्याच घरापुढचं होतं. त्याच्या सुनेचे दिवस भरले होते. मी औषधांची पेटी घेऊन बाईंबरोबर काठावर गेलो. वारा असा, की छत्री उलटी झाली. होडी दोराला हिसके देत होती.

"सोड," बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्याच्याशी बोललेला पहिला शब्द.

धोंडीबानं मान हलवली. "न्हाई, बाई. बुडाल तुमी."

"तुझी सून आहे तिकडं!"

"ठाव हाय मला." त्यानं दोराला हात लावला नाही.

बाई त्याच्याकडे वळल्या. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी असंच होतं का रे वारं?"

मला वाटलं, आता हा हो म्हणणार आणि एकदाचं सुटणार! हो म्हण बाबा, मी मनातल्या मनात म्हणालो.

धोंडीबा पाण्याकडे बघत म्हणाला, "न्हाई, बाई. त्या दिशी कमी व्हतं. म्या भ्यालो."

बाई दगडावर बसल्या. थोड्या वेळानं धोंडीबाही बसला, जरा अंतर ठेवून. ऊन उतरता उतरता वारा पडला. बाई उठल्या, होडीत चढल्या, पेटी मांडीवर घेतली आणि बसल्या. धोंडीबाकडे तोंड करून.

सून सुटली. पोरगी झाली, दोघी धडधाकट.

*

पुढच्या प्रभुभोजनाला आदल्या शनिवारी बाई कुणाच्याच दारात गेल्या नाहीत. त्यामुळे आम्ही सगळे कान टवकारून बसलो होतो. प्रार्थना सुरू झाली. ती ओळ आली. बाईंचा आवाज आला, पण बारीक, आणि मध्येच तुटला. मी पेटीचा सूर धरून ठेवला, न जाणो पुन्हा लागेल म्हणून.

पाळकसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "कुणाचं कुणाशी वाकडं आहे का?"

"माझं आहे," राहेलबाई म्हणाल्या.

पाळकसाहेबांनी मान खाली घातली आणि प्याला बाईंना वगळून पुढच्या माणसाकडे वळवला.

बाईंनी हात पुढं केला. "आहे म्हटलं. पण इकडं द्या तो!"