खण भरला की शून्य

लेकीच्या कॉम्प्युटरवर एक आकडा वाढताना बघत होतो. वाढत वाढत गेला आणि एकदम शून्य झाला.

"बिघडलं काय गं?"

"नाही आबा," सुमन मान न वळवता म्हणाली. "मशीनच्या अगदी आतलं काम आहे. आकडा ठेवायचा खण लहान पडतो. मावलं नाही की शून्य दाखवतं. तो खण मोठा करतेय."

"म्हणजे आत काही नाही, असं नव्हे?"

"उलट. फार झालं म्हणून शून्य."

मी चौथी शिकलेला. बाकीचं डोक्यावरून गेलं, एवढं मात्र कळलं. हिची आई गेली त्या दिवशी माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. स्मशानातून आलो आणि चहा मागितला. "दगड आहात तुम्ही," सुमन म्हणाली होती. तेव्हापासून कामापुरतं बोलते. मलाही वाटायला लागलं होतं, असेन दगड. अजून कशालाच चव नाही, चहालाही नाही.

तिनं आकडा पुन्हा सुरू केला.

मी म्हणालो, "तुझ्या आईचं मला तसंच झालंय बघ."

तिचे हात थांबले. पहिल्यांदा मागं वळून तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्यामागं आकडा मघाशी शून्य झाला होता ती जागा ओलांडून वाढतच होता.