नकाशातली कोरी जागा

जहाज रुतवून आलेली पोरगी म्हणजे मी. मोशीत आमच्या सोसायटीत दूधवाल्यापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना हे माहीत आहे, म्हणून मीच आधी सांगून टाकते. मालवाहू जहाजावर मी सेकंड ऑफिसर होते. जहाजाची वाट नकाशावर आखायची, हे माझं काम. आणि मी आखलेल्या वाटेवर, भर दुपारी, स्वच्छ उन्हात आमचं जहाज पाण्याखालच्या खडकावर जाऊन बसलं. माणसं सुखरूप राहिली, तेलाचा थेंब सांडला नाही. पण पायाखालचं लोखंड तेव्हा असं थरथरलं, की आजही बस स्पीडब्रेकरवर आदळली की मी समोरची दांडी घट्ट धरते.

आता ऐका. नकाशात तो खडक नव्हताच. दोन बेटांमधली चिंचोळी वाट. पडद्यावरचा नकाशा रंगीत, चकाचक, काल काढल्यासारखा. पण एक बटण दाबलं की खालची मोजणी कधीची ते दिसतं. ही मोजणी शिडाच्या जहाजांच्या काळातली, दोरीला शिसं बांधून केलेली. खोलीचा एक आकडा इथं, दुसरा पार तिकडं, मधे सगळं कोरं. त्या कोऱ्या जागेत कुणी दोरी सोडलीच नव्हती.

मी कॅप्टनना म्हणाले, "सर, बेटांच्या बाहेरून जाऊ. चार तास जास्त लागतील."

"ऑफिसला आतूनच हवंय. नकाशात पाणी आहे ना? मग पाणी आहे."

पाणी आहे म्हणे, डोंबल! पण तेव्हा मी मूग गिळून गप्प बसले. वाट आखली, सही केली. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

भरतीच्या पाण्यावर जहाज ओढून काढलं आणि मला घरी पाठवलं. मागोमाग कंपनीकडून तयार जबाब आला: सेकंड ऑफिसरच्या दुर्लक्षामुळे अपघात झाला. नकाशाबद्दल अवाक्षर नाही. खाली माझ्या सहीसाठी रेघ. फोनवर एक साहेब गोड आवाजात म्हणाले, "सही करा, थोडे दिवस आराम करा, मग दुसऱ्या जहाजावर घेऊ. नाहीतर आमच्याकडून समुद्राचा विषय संपला."

निघोज्याहून आत्या खास समजूत काढायला आली. "बरं झालं बाई, पाय जमिनीला लागले. कर सही अन् हो मोकळी."

"आत्या, जहाज टेकलं तेवढं पुरे. मी टेकणार नाही."

माझे वडील, आप्पा, चाकणला एका लहान वर्कशॉपमध्ये गाड्यांचे सुटे भाग तपासतात. मशीनवरून उतरलेला तुकडा ड्रॉइंगशी ताडून बघायचा. खिशाला कायम लाल पेन. ड्रॉइंगच चुकलेलं निघालं तर ते त्या मापाभोवती लाल गोल काढतात, शेजारी वेळ लिहितात, सही ठोकतात आणि कागद मशीनवर चिकटवतात. तोंड उघडतात ते त्यानंतर. मालक चिडतो, सुपरवायझर चिडतो, पण तो गोल कुणी खोडत नाही.

त्यांनी माझ्याकडून सगळा जबाब मराठीत समजून घेतला.

"धोका हाय म्हून तू सांगितलं व्हतं का?"

"सांगितलं होतं."

"लिवून?"

"तोंडी."

"मग न्हाईच सांगितलं."

असं लागलं मला! लहानपणापासून तो लाल गोल बघत आले, आणि वेळ आली तेव्हा माझ्या हातून निघाला नाही. मी तडकून म्हटलं, "म्हणजे करू सही?"

"मी असं म्हनलो का? तुजी चूक हाय तेवढी घे. ड्रॉइंगची चूक आपल्या बोडक्यावर घ्यायची न्हाई. तू घेतलीस तर ड्रॉइंग तसंच ऱ्हाईल, अन् उद्या दुसरं कुनी त्याच्यावरच जॉब मशीनला लावंल."

दुसऱ्या दिवशी मी मुंबईच्या ऑफिसात गेले, आप्पांचं पेन घेऊन. फोनवरच्या त्या साहेबांसमोर बसून जबाबाखाली लिहिलं: मी धोका तोंडी सांगितला, लिहून दिला नाही, ही माझी चूक. मग 'दुर्लक्षामुळे' या शब्दाभोवती लाल गोल काढला. शेजारी लिहिलं: नकाशातली मोजणी अपुरी. वेळ टाकली, सही ठोकली.

"मॅडम, हे असं चालत नाही."

"चालेल. नाही चाललं तर अपघाताच्या सरकारी चौकशीत मोठ्यानं वाचून दाखवीन."

"परत बोलावणं येणार नाही."

"नका बोलावू."

 तिथून उठले आणि सरळ खडकाची जागा आणि खोली लिहून नकाशे काढणाऱ्या खात्याला पाठवली.

बोलावणं खरंच आलं नाही. वर्ष होत आलं. दुसरीकडे अर्ज केले की मागच्या कंपनीला विचारतात आणि गप्प होतात. सध्या मी चाकणच्या एका गोदामात कुठला कंटेनर कुठं लावायचा ते बघते. "समुद्र आटला वाटतं," असं लोक हसतात. हसू देत. मी अर्ज थांबवलेले नाहीत.

मागच्या महिन्यात त्या नकाशाची दुरुस्ती निघाली. कोऱ्या जागेत आता खडकाची खूण आहे, शेजारी खोलीचा आकडा. मी आप्पांना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून निरखून बघितलं.

"तुजं नाव कुटं हाय?"

"नाव नसतं आप्पा. आकडा असतो."

तो आकडा माझ्या जहाजाच्या पोटानं मोजलाय. आता खोडून दाखवा म्हणावं.