सीड प्लॉटवरची मेलेली पावडर

माझी आत्या मांडवगणात टोमॅटोचा सीड प्लॉट, म्हणजे संकरित बियाण्याची शेती, करते. संध्याकाळी बाया कळ्या उघडून आतला नरभाग काढून टाकतात आणि सकाळी त्याच फुलांना दुसऱ्या जातीचे परागकण लावतात. परागकणांना तिथं सगळे पावडर म्हणतात. पावडर मेलेली असली तर फळ धरत नाही, आणि ती सकाळ हुकली की फूलही गेलं.

पावडर जिवंत आहे का, हे रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली कळतं; जिवंत कण लाल होतात. पण त्यात वेळ फार जातो. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत मी कॉम्प्युटरला हेच बिनरंगाचं ओळखायला शिकवत होते. हजारो फोटो दाखवले, हा जिवंत, हा मेलेला. बघता बघता तो माझ्यापेक्षा बरं ओळखायला लागला. कशावरून, ते मला आजही सांगता येत नाही. तरी मी भलतीच खूश होते. शहाणपण मिरवायला लॅपटॉप आणि छोटा सूक्ष्मदर्शक घेऊन आत्याकडे गेले.

सकाळी तिच्या डबीतली चिमूटभर पावडर काचेवर घेतली. कॉम्प्युटरनं दाखवलं, बहुतेक मेलेली.

"काल तर चांगली व्हती की," आत्या म्हणाली. "मंग टाकू का?"

"टाक," मी म्हणाले.

तिनं डबी पाटात ओतली आणि बायांना खुरपायला लावलं. दुसरी पावडर नव्हती.

माझंच मन मला खात होतं म्हणून काचेवर उरलेल्या पावडरीत मी रंग घातला. दुपारी बघते तर परागकण लालभडक, जिवंत. मधेमधे मात्र रंग न घेतलेले, काचेसारखे गोल दाणे. मेलेले परागकण म्हणावे तर तसे नाहीत, धूळ म्हणावी तर तीही नाही. डोकं चक्रावलं. शेवटी आत्यालाच बोलावून दाखवलं.

"पीठ असंल," ती म्हणाली. "मैद्याच्या चाळणीनं चाळते मी. बारीक पडती."

कॉम्प्युटरला मी दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. पीठ दिसल्यावर त्यानं त्यातली एक सांगितली. मग चूक त्याची, चाळणीची का माझी? मला लाज वाटत होती आणि रागही येत होता, पण कुणाचा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी पावडर न लागलेली ती फुलं माना टाकून होती. मी म्हणाले, "आत्या, मशीनचं ऐकायला नको होतं तू."

"मशीनचं कोण ऐकतंय?" आत्या म्हणाली. "तू सांगितलं म्हणून वतली."